नशीब उधारी फेडत नाही

बॅड बीटच्या गोष्टीचा साचा ठरलेला असतो. सांगणाऱ्याच्या हातात एक्क्यांची जोडी असते, समोरच्या येड्याच्या हातात राजांची. सगळे पैसे पहिल्या पानाआधीच मध्ये गेलेले असतात. चार पानं उघडेपर्यंत सगळं आलबेल असतं. मग रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पानावर, राजा येतो. सांगणारा इथे थांबतो आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. आता तुम्ही "च्यायला!" म्हणायचं असतं.

तेवढं म्हणायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्यानंतर टेबलावरचा कुणीतरी जे म्हणतो त्याला: "सोड रे, लाँग रनमध्ये सगळं बरोबर होतं."

पुण्यात हिंजवडी-वाकड-बाणेर पट्ट्यातल्या फ्लॅटांमध्ये शनिवारी रात्री जिथे जिथे पोकर चालतो, तिथे हे वाक्य प्रसादासारखं वाटलं जातं. वाटणारे बहुतेक इंजिनिअर. चौथ्या सेमिस्टरला प्रोबॅबिलिटी शिकून पास झालेले. आणि हे वाक्य खोटं आहे. थोडंफार नाही, गणिताने खोटं.

आधी त्या राजाचं बघू. एक्के विरुद्ध राजे, पैसे सुरुवातीलाच मध्ये: एक्के जिंकायची शक्यता साधारण ८२ टक्के, राजांची १८. अठरा टक्के म्हणजे किती? लुडोत फासा टाकल्यावर सहा पडायची शक्यता १६.७ टक्के. म्हणजे तुमचे एक्के फुटणं हे समोरच्याला सहा पडण्यापेक्षा जरा जास्तच संभवनीय. लुडोत बहिणीला सहा पडला म्हणून कुणी तीन दिवस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शोकसभा भरवत नाही. पोकरमध्ये भरवतात, कारण मध्ये पैसे असतात. दुखतात ते पैसे, आणि दोष जातो पानाला.

आता त्या "बरोबर होतं"कडे येऊ. नाणं शंभर वेळा उडवा. छापे आणि काटे यांच्यात साधारण दहाएक चा फरक पडणं अगदी नेहमीचं. आता दहा हजार वेळा उडवा. सांत्वन करणाऱ्यांच्या हिशेबाने फरक मिटायला हवा. मिटत नाही, वाढतो. साधारण शंभरच्या घरात जातो. मग कमी काय होतं? टक्केवारी. शंभरात दहा म्हणजे १० टक्के, दहा हजारांत शंभर म्हणजे १ टक्का. पुस्तकातला मोठ्या संख्यांचा नियम एवढंच सांगतो की जुना खड्डा नव्या मातीच्या ढिगापुढे छोटा दिसू लागेल. खड्डा कुणी भरून देईल असं तो कुठेही म्हणत नाही. नाण्याला मागचं आठवत नाही, पिसलेल्या पत्त्यांनाही नाही. मार्चमध्ये रिव्हरला गेलेले वीस हजार गेले. एप्रिलपासून तुमची अपेक्षा तितकीच, जितकी ते वीस हजार गेले नसते तर असती.

टक्केवारीने भाडं भरता येत नाही. घरमालकाला रुपये लागतात आणि रुपयांमधला चढउतार खेळ वाढेल तसा वाढतच जातो.

बरं, हा लाँग रन आहे तरी केवढा? मी बसून हिशेब केला. समजा तुम्ही खरंच चांगले खेळता आणि दर शंभर डावांमागे सरासरी पाच मोठे ब्लाइंड कमावता. हे कमी नाही, टेबलावरच्या बहुतेकांची कमाई उणे असते. नो-लिमिट होल्डेममध्ये दर शंभर डावांमागचं स्टँडर्ड डेव्हिएशन नव्वदेक ब्लाइंड धरायला हरकत नाही. घरगुती टेबलावर तासाला पंचवीसेक डाव होतात. पाच तास बसलात तर सव्वाशे. ब्लाइंड १०-२० रुपयांचे, बसताना प्रत्येकाचे २,००० रुपये.

आता त्या रात्रीची तुमच्या कौशल्याची मजुरी काढा: १२५ रुपये. ताशी पंचवीस. पिझ्झ्याची वर्गणी याहून जास्त असते. आणि त्याच रात्रीचा नशिबाचा झोका? दोन हजार रुपये, इकडे किंवा तिकडे. सव्वाशे तुमचे, दोन हजार पत्त्यांचे. सकाळी घरी जाताना खिशात जे काही कमी-जास्त असतं, त्यातला आपला भाग किती हे या दोन आकड्यांवरून समजा.

वर्षातून पन्नास शनिवार बसलात तरी चांगल्या खेळाडूंपैकी तिघांतला एक वर्षाअखेर तोट्यात असतो. चांगल्या खेळाडूंपैकी, हे परत वाचा. ही शक्यता शंभरात चारवर आणायला साधारण एक लाख डाव लागतात. शनिवारच्या वेगाने सोळा वर्षं. आज अठ्ठावीसचा असलेला पोरगा तेव्हा चव्वेचाळीसचा असेल आणि त्याच्या घरात कुणीतरी दहावीच्या क्लासची फी मागत असेल. एवढं करूनही शंभरातले चार चांगले खेळाडू तोट्यातच. त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. त्यांचा लाँग रन आला आणि बरोबर न करताच गेला.

ऑनलाइन एका वेळी चार टेबलं उघडून बसणाऱ्यांना लाख डाव काही महिन्यांत होत, हे खरं. पण तिथे दर पॉटमधून रेक कापला जातो, समोरचे लोक हुशार असतात आणि शंभर डावांमागे पाच ब्लाइंड ही स्वप्नातली गोष्ट होते. दोन धरा. दोन धरले तर लाख डावांनंतरही चौघांतला एक तोट्यात.

इथे एक शहाणा माणूस मला अडवेल. म्हणेल, निकालावरून निर्णय तोलू नये हाच तर पोकरचा धडा आहे. अगदी मान्य. अ‍ॅनी ड्यूक या माजी व्यावसायिक खेळाडूमुळे सगळीकडे पोहोचलेलं या चुकीचं 'रिझल्टिंग' हे नाव आता मॅनेजमेंटच्या स्लाइडांवरही दिसतं. पण हा धडा दोन्ही बाजूंनी कापतो, आणि आपण फक्त एकच धार वापरतो. हरलो तेव्हा निकाल सोडा, निर्णय बघा. जिंकलो तेव्हा मात्र कसला निर्णय नि कसलं काय, "वाचला की नाही त्याला!" आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. बॅड बीटच्या गोष्टी मी शेकड्याने ऐकल्या आहेत. "काल माझे राजे होते, त्याचे एक्के, माझी लायकी नसताना अठरा टक्के लागले आणि मी त्याचे पैसे घेऊन आलो" ही गोष्ट एकदाही नाही. प्रत्येक बॅड बीटचे पैसे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कुणालातरी मिळतात. तो माणूस कधीच काही सांगत नाही. तो चिप्स रचत असतो.

त्या गप्प माणसाचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ख्रिस मनीमेकर. टेनेसीचा अकाउंटंट. २००३ साली ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. जगभर पोकरची जी लाट आली तिला त्याच्याच नावाने ओळखतात. आपल्याकडच्या अ‍ॅप्सनी वर्षानुवर्षं विकलेलं "तुम्हीही जिंकू शकता" हे स्वप्न त्याच कारखान्यातलं. आता त्यातला एक डाव बघा. दहा खेळाडू उरलेत, एक गेला की अंतिम टेबल. मनीमेकरकडे एक्का-राणी. फिल आयव्हीकडे, म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात धोकादायक खेळाडूंपैकी एकाकडे, नव्व्यांची जोडी. फ्लॉपवर दोन राण्या. टर्नला नव्वी येते आणि आयव्हीचं फुल हाउस होतं. तो सगळ्या चिप्स आत सरकवतो, मनीमेकर कॉल करतो. उरलेल्या ४४ पानांपैकी फक्त सात पानं मनीमेकरला वाचवू शकतात. १६ टक्के. पुन्हा लुडोतला सहा. रिव्हरला एक्का येतो. आयव्ही दहावा होऊन घरी जातो.

म्हणजे पोकरच्या आधुनिक इतिहासातली सगळ्यात प्रेरणादायी कथा ही टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बघितली तर बॅड बीटची गोष्ट आहे. ती आपण प्रेरणा म्हणून ऐकतो, कारण सांगणारा जिंकलेला आहे. त्या रिव्हरच्या एक्क्याची भरपाई नशिबाने आयव्हीला कुठल्या तारखेला केली? आयव्हीने पुढे भरपूर जिंकलं, पण ते तो आयव्ही होता म्हणून; कुणी देणं लागत होतं म्हणून नाही.

बॅड बीट टाळायचे कसे, यावरही टेबलावर ज्ञान फुकट मिळतं. एका पंथाचं म्हणणं, एक्के आले की एकदम सगळं आत टाका, म्हणजे कुणी पानं बघायलाच थांबणार नाही. बरोबर. कुणीच थांबत नाही. दोन ब्लाइंडचे मिळून तीस रुपये मिळतात, २२१ डावांतून एकदा येणाऱ्या जोडीवर. फुटायची भीती गेली आणि कमाईही गेली. दुसरा पंथ एक्क्यांनाच घाबरून हळू खेळतो, पाच जणांना स्वस्तात आत येऊ देतो. पाच अनोळखी हातांविरुद्ध एक्के शेवटपर्यंत टिकायची शक्यता जेमतेम ४९ टक्के. एकाविरुद्ध तीच ८५. तेव्हा सहा जणांच्या पॉटमध्ये एक्के फुटले तर त्याला बॅड बीट म्हणू नका. नाणं उडवलं, काटा आला. नीट रेझ करून एक-दोघांनाच आत ठेवलं असतं तर ते टळण्यासारखं होतं, आणि टाळण्यासारखं या सगळ्यात बहुधा एवढंच.

कारण मुळात बॅड बीट टाळणं हे ध्येयच उलटं आहे. बॅड बीट कुणाला बसतो? पैसे आत जाताना जो पुढे असतो त्याला. मागे असलेला हरला तर ती नुसती हार. ज्याला आयुष्यात एकही बॅड बीट बसला नाही, तो एकतर बसलाच नाही, किंवा दरवेळी वाईट पानांवर पैसे लावत आला. चांगला खेळाल तितके हे फटके जास्त बसतील. फटका तेवढाच राहतो. त्या वेळी मध्ये किती पैसे आहेत हे मात्र तुमच्या हातात असतं. आणि तेही डाव सुरू व्हायच्या आधी, कुठल्या टेबलावर बसायचं ते ठरवताना. समोरच्याची तयारी असेल तर उरलेली पानं दोनदा उघडून पॉट अर्धा-अर्धा लावता येतो. सरासरी तीच राहते, झोका कमी होतो. शांत डोक्याच्या लोकांची युक्ती आहे. आपल्याकडे "मर्द असशील तर एकदाच उघड" म्हणतात.

कॅसिनोंनी तर सांत्वनाचाही धंदा केला. अमेरिकेतल्या अनेक पोकर रूममध्ये 'बॅड बीट जॅकपॉट' असतो. तुमचे चार सारखे पत्ते किंवा तसलाच अजस्र हात हरला तर घसघशीत बक्षीस. त्या बक्षिसाचे पैसे दर पॉटमधून थोडे थोडे कापून जमवलेले असतात, म्हणजे तुमच्याच खिशातून. आवळा देऊन कोहळा काढणं हे आपण ऐकलं होतं. इथे तर आवळाही आपलाच.

सॉफ्टवेअरवाल्यांचं सांत्वन जरा उच्चभ्रू. डावांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन रेषा येतात: एक प्रत्यक्ष जिंकलेल्या पैशांची, दुसरी ऑल-इन झाल्यावरच्या शक्यतांनुसार "मिळायला हव्या होत्या" त्या पैशांची. दुसरी रेषा वर असली की माणूस स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतो: बघा, नशिबाने मला लुटलं. पण ती रेषा फक्त ऑल-इननंतरचं नशीब मोजते. तुमचे राजे आले तेव्हा समोर एक्के किती वेळा निघाले, तुमचं फुल हाउस झालं तेव्हा समोरच्याकडे पैसे देण्याइतकं काही होतं का, नवशिक्या तुमच्या डावीकडे बसला की उजवीकडे, यातलं काहीच तिच्यात नसतं. डिबग करताना सोयीचा लॉग तेवढा वाचायचा आणि बाकीचे डिलीट करायचे, असं ऑफिसात केलं तर काय होईल?

आणि मग शेवटचा आश्रय: "साइटच रिग्ड आहे." ऑनलाइन एका रात्रीत जितके डाव होतात तितके घरी महिन्यातही होत नाहीत, त्यामुळे चमत्कारिक रिव्हर जास्त दिसणारच. पण फसवणूक होतच नाही असंही नाही. २००७-०८ मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकर आणि अल्टिमेटबेट या परदेशी साइटवर खरोखर चोरी झाली होती. काही खात्यांना समोरच्यांची झाकलेली पानं दिसत होती. ती पकडली कुणी? खेळाडूंनीच. डावांच्या नोंदी बसून तपासल्या तेव्हा दिसलं की ही खाती अशा दराने जिंकताहेत जो कुठल्याही नशिबात बसत नाही. रिव्हरला राजा आला म्हणून बोंब मारणाऱ्यांनी ती चोरी पकडली नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण, आता तर मोजणंही बंद झालं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याला खेळ कौशल्याचा की नशिबाचा याने फरक पडत नाही. त्याआधी याच प्रश्नावर आपली न्यायालयं दशकानुदशकं झुंजत होती: १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यत्वे कौशल्याचा खेळ म्हटलं, २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला नशिबाचा ठरवलं. मला विचाराल तर प्रश्नच अर्धवट होता. किती डाव, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. लाख डावांत पोकर कौशल्याचा आहे, आज रात्री नशिबाचा. जाहिरातींनी लाख डावांचं सत्य दाखवून एका रात्रीचं तिकीट विकलं. आता अ‍ॅप्सवरची पैशांची टेबलं बंद झाली, मांडवीतली कॅसिनोची जहाजं तशीच उभी आहेत, आणि बाकीचा खेळ फ्लॅटांमध्ये परतला आहे, जिथे कुणी काही लिहून ठेवत नाही. प्रत्येकाच्या डोक्यातला हिशेब "साधारण ब्रेक-इव्हन" असतो. सहाच्या सहा जण ब्रेक-इव्हन आणि महिन्याला तीन जण उसने मागतात.

माझ्या एका मित्राचं सांगतो, नाव नाही. अ‍ॅप चालू होती तेव्हाची गोष्ट. त्याचं खेळणं वाईट नव्हतं. दोन महिने पानं विरुद्ध गेली. ग्रुपवर त्याने प्रत्येक फटका टाकला आणि प्रत्येक फटक्याखाली कुणी ना कुणी लिहिलं: चिल, लाँग रन, व्हेरियन्स आहे, येईल परत. त्याने ते शब्दशः घेतलं. परत येणारच असेल तर मोठ्या टेबलावर बसून लवकर का आणू नये? तो दुपटीच्या टेबलावर गेला, मग पाचपटीच्या. रात्री दोन वाजता फोनवर चाळीस हजारांचं कर्ज मिळतं, आधार नि पॅन एवढंच लागतं. एकूण एक लाख ऐंशी हजार गेले. घरी अजून माहीत नाही. ईएमआय या दिवाळीपर्यंत आहे. त्याला जुगारी म्हणून मोकळं होणाऱ्यांनी तो ग्रुप एकदा वाचावा. त्याचं तर्कशास्त्र चोख होतं. चूक होतं ते गृहीतक, आणि ते त्याला मित्रांनी प्रेमाने दिलं होतं.

म्हणून "अरे, बिचाऱ्याला धीर दिला तर काय बिघडलं" हे मला पटत नाही. धीर द्यायचाच तर खरा द्या. गेले ते गेले, परत येणार नाहीत, पुढच्या डावाशी त्यांचा संबंध नाही. हे ऐकायला कडू आहे, पण यानंतर कुणी पाचपटीच्या टेबलावर वसुलीला जात नाही, कारण वसूल करायला कुणी देणेकरीच उरत नाही. मग दोन गोष्टी विचारा. एक, आजवर किती डाव झाले, कुठे लिहिलंय? नसेल लिहिलं तर तुझं नशीब वाईट की खेळ वाईट हे तुलाही माहीत नाही, मलाही नाही. दुसरी, या टेबलावर अशा किती रात्री हरायची सोय करून बसला आहेस? पोकरवाले वीस ते तीस बाय-इन बाजूला ठेवा म्हणतात. आमच्या दोन हजारांच्या टेबलाला तीस धरले तर साठ हजार, भाडं-किराणा-घरी पाठवायचे सोडून. नसतील तर ब्लाइंड एक-दोन रुपयांचे करा. एक्के तेवढेच फुटतील, फक्त दोनशे रुपयांना.

गणपतीत कोकणात जागरणाला रात्र-रात्र पत्ते कुटणाऱ्या माझ्या काकांच्या पिढीला व्हेरियन्स हा शब्द माहीत नव्हता. पण सकाळी आरतीला कुणी हरलेल्याला "पुढच्या वर्षी वसूल होईल हो" म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. "पाच रुपये गेले ना? चहा घे," एवढंच.

आमच्या टेबलावर सध्या लोणच्याची एक रिकामी बरणी असते. बॅड बीटची गोष्ट सांगणाऱ्याने तिच्यात वीस रुपये टाकायचे. "लाँग रनमध्ये बरोबर होतं" म्हणणाऱ्याने पन्नास.